ॲक्सल तुटला: दुरुस्त करायचा की बदलायचा?

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडच्या खडकाळ वाटेवर चाक अडकतं, तुम्ही जरा जास्त ॲक्सिलरेटर देता आणि खालून ‘कडाक्’ असा एकच आवाज येतो. इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलत नाही. सोबतचा कुणीतरी खाली वाकून म्हणतो, “ॲक्सल गेला.”

तो म्हणतो ते खरं असेल, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ॲक्सल म्हणजे एक वस्तू नव्हे. बाहेरचं हाऊसिंग (नळीसारखं कवच), आत क्राऊन-पिनियन (जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे), टोकाला बेअरिंग, सील आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग). पुढचा ॲक्सल असेल तर त्यात नकल (चाक वळवणारा भाग) आणि सीव्ही जॉइंटची (वळलेल्या चाकालाही फिरवणाऱ्या सांध्याची) भर. यातलं नेमकं काय तुटलं आणि कशामुळे तुटलं, हे कळल्याशिवाय दुरुस्त की बदल हा प्रश्नच उभा राहत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुटलेला शाफ्ट कधीही जोडायचा नाही, दुसरा घालायचा. वाकलेलं हाऊसिंग मोजमाप केल्याशिवाय भंगारात द्यायचं नाही. आणि अख्खा ॲक्सल बदलायचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

पहिली पायरी: गाडी जागेवर धरा

नवख्या माणसाला हे माहीत नसतं म्हणून ठळक सांगतो. मागचा हाफ शाफ्ट तुटला की गाडी गिअरमध्ये टाकून उभी राहत नाही. गिअर गाडीला धरतो तो शाफ्टमार्फतच. शाफ्ट तुटला की डिफरन्शियल मोकळं फिरतं आणि उतारावर गाडी घरंगळते. ऑटोमॅटिकच्या ‘पार्क’चंही तेच. ज्या गाड्यांचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर) काम करतो, त्यांचा हँडब्रेकही अशा वेळी उपयोगाचा नाही. तेव्हा आधी चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवून फोर बाय फोर टाका म्हणजे पुढची चाकं गाडी धरतील, आणि मगच खाली वाका.

आता पाहायचं काय? इंजिन चालू असताना कुणीही गाडीखाली जायचं नाही. एकाने बाजूला उभं राहून पाहायचं. टू-व्हीलमध्ये क्लच हळू सोडा. मागचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतोय आणि चाक गप्प आहे, आवाजही फारसा नाही, तर बहुतेक हाफ शाफ्ट. प्रॉपेलर शाफ्ट फिरताना डिफरन्शियलमधून खडखड येतेय, तर क्राऊन-पिनियन किंवा आतले छोटे गिअर. लगेच इंजिन बंद करा, कारण तुटलेला दात फिरत राहिला तर हाऊसिंगही फोडतो. प्रॉपेलर शाफ्टच फिरत नसेल तर दोष ॲक्सलमध्ये नाही. क्लच, गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीकडे) बघा.

दुसरी पायरी: ॲक्सल कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

घाट उतरता येईल की नाही हे यावर ठरतं.

सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. जिप्सीचा मागचा ॲक्सल असा आहे. बहुतेक जीप, एसयूव्हींचाही असाच असतो. अशा ॲक्सलचा शाफ्ट हबजवळ तुटला तर शाफ्टच्या तुकड्यासकट आणि ड्रमसकट चाक बाहेर येऊ शकतं. तो आत, डिफरन्शियलच्या बाजूला तुटला तर चाक काही काळ बेअरिंगच्या जोरावर राहतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. अशी गाडी यवतेश्वरच्या वळणांवरून स्वतःच्या चाकावर खाली आणायची नाही. फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) बोलवा.

फुल-फ्लोटिंगमध्ये हब हाऊसिंगच्याच टोकावर दोन बेअरिंगांवर बसतो आणि शाफ्टचं काम फक्त फिरवण्याचं. ट्रकांना, जड पिकअपना हा प्रकार दिसतो. ओळख सोपी: चाकाच्या मधोमध हबला बोल्टांनी आवळलेली शाफ्टची टोपी दिसते. ते बोल्ट काढा, तुटलेला शाफ्ट ओढून काढा, आतला तुकडा निघत असेल तर काढा, हबचं तोंड झाका म्हणजे तेल आणि चिखल दोन्ही अडतील, आणि पुढच्या चाकांवर हळूहळू खाली या.

पुढचं काही तुटलं असेल तर फोर बाय फोर काढून मागच्या चाकांवर येता येतं, पण एक खुबी आहे. २०२० नंतरची थार असो की जुनी सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) थार, दोन्हींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. अशा गाड्यांत सीव्ही जॉइंटचा बाहेरचा दांडा हबमधून येऊन मोठ्या नटने आवळलेला असतो, आणि अनेक रचनांत तोच नट व्हील बेअरिंगला धरून ठेवतो. वाटेतच अख्खा ड्राइव्ह शाफ्ट काढून टाकला आणि हब रिकामा ठेवून निघालात, तर थोड्याच अंतरावर बेअरिंग सुटू लागतं. बाहेरचा तुकडा जागेवर ठेवून नट नीट आवळलेलाच हवा. जिप्सी, जिम्नीला पुढेही सलग ॲक्सल आहे. त्यात शाफ्ट हाऊसिंगच्या आत असतो, म्हणून तुटलेला तुकडा आत फिरू नये एवढी काळजी घ्यायची. फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून मोकळं करता येणारे) असतील तर ते मोकळे करून ठेवा.

ओढून न्यायची वेळ आली तर मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवून ठेवा. कुंभार्ली किंवा पसरणी घाटात नुसत्या दोरीने ओढणं मला अजिबात मान्य नाही.

तिसरी पायरी: तुटलेला तुकडा वाचा

गॅरेजला गाडी पोचली की मिस्त्रीला एकच विनंती करा: “मिस्त्री, जुना तुकडा टाकू नका, मला बघायचाय.” शाफ्ट का तुटला हे तो तुकडाच सांगतो.

तुटलेलं तोंड रॉकेलने धुऊन उजेडात धरा. एका कडेपासून सुरू होऊन आत पसरत गेलेल्या, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेषा दिसतायत का? त्या भागाचा रंग काळपट, गंजल्यासारखा आणि पृष्ठभाग गुळगुळीत आहे का? मग ही चीर जुनी. शाफ्ट बरेच दिवस थोडा थोडा तुटत होता. आजचा धक्का निमित्तमात्र. उरलेला चकचकीत, करडा, दाणेदार भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला. काळपट भाग मोठा असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्टही तितकाच जुना आहे आणि त्यानेही तेवढेच धक्के खाल्लेत, हे लक्षात घ्या. तो काढून डाय पेनेट्रंट मारून घ्या: लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची, चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. चीर दिसली नाही तरी मी असा शाफ्ट जोडीनेच बदलतो.

तोंड सगळं एकसारखं ताजं असेल, शाफ्टला पीळ पडलेला असेल, स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचांचे) दाते सरळ न राहता तिरके झाले असतील, तर तो एका झटक्यात तुटला. हा झटका कुठून येतो? समजा इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४ पट, लो रेंज २.५ पट आणि डिफरन्शियल ४ पट. गुणाकार केला तर १२,००० न्यूटन-मीटर. एरवी हा सगळा जोर चाकापर्यंत पोचत नाही, कारण त्याआधीच टायर घसरतो. घात होतो तो चिखलात वेगाने फिरणारं चाक अचानक खडकावर पकड घेतं तेव्हा. आपल्याकडच्या जांभ्याच्या पठारांवर पावसाळ्यात नेमकं हेच घडतं: वर निसरडा लाल चिखल आणि हातभर पुढे कोरडा, खरबरीत दगड. त्यात डिफ-लॉक (दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा) लावलेला असेल तर दोन चाकांत वाटला जाणारा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो. पुढच्या बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की सीव्ही जॉइंट सर्वात कमजोर कोनात असतो. तो तिथेच फुटतो.

तिसरं कारण नेहमी विसरलं जातं: वाकलेलं हाऊसिंग. तोच शाफ्ट वरचेवर तुटतोय, त्याच बाजूचं बेअरिंग परत परत जातंय, नवं सील बसवलं तरी तेल गळतंच आहे, तर शाफ्टला दोष देऊ नका. वाकड्या नळीत सरळ शाफ्ट फिरवला की प्रत्येक फेऱ्याला तो किंचित वाकतो आणि एक दिवस थकून तुटतो.

तेलही बघा. प्लगच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी चालते. चकत्या किंवा दाताचे तुकडे चालत नाहीत. तेल दुधट झालं असेल तर आत पाणी गेलंय. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा आत-बाहेर सोडणारं तोंड) तुंबलेला किंवा खाली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. कोयनेच्या खोऱ्यातले ओढे ओलांडणाऱ्यांनी ब्रीदरची नळी वर बॉनेटपर्यंत नेऊन घ्यावी. काम छोटं, उपयोग मोठा.

चौथी पायरी: हाऊसिंग सरळ आहे का ते मोजा

यासाठी महागडं मशीन लागत नाही. सपाट फरशीवर गाडीचा मागचा भाग उचला, हाऊसिंगच्या दोन्ही टोकांखाली भक्कम स्टँड लावा, चाकं मोकळी फिरू द्या. दोन्ही टायरच्या मधोमध खडूने एकेक खूण करा. खुणा पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर आणून त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा. मग दोन्ही चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागच्या बाजूला आणा आणि पुन्हा मोजा. खूण तीच ठेवायची, म्हणजे रिम वाकडी असली तरी माप फसत नाही. सलग मागच्या ॲक्सलला ही दोन मापं जवळपास सारखी यायला हवीत. २-३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर हाऊसिंग पुढे किंवा मागे वाकलंय.

वर-खाली वाकलंय का हे गवंड्याच्या ओळंब्याने कळतं. ओळंबा चाकाच्या बाहेर सोडा, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्ही चाकांची डोकी आत झुकलेली दिसली तर हाऊसिंग मधून खाली दबलंय. गाडी उडवून आपटलेल्यांत हे हमखास सापडतं. एक चाक जेवढं आत, दुसरं तेवढंच बाहेर झुकलेलं असेल तर गाडीच तिरपी उभी आहे, हाऊसिंगचा दोष नाही.

शेवटी पाट्यांच्या किंवा स्प्रिंगच्या बैठकीजवळ आणि नळी मधल्या गोळ्याला (डिफरन्शियलच्या फुगीर भागाला) मिळते तिथे तारेचा ब्रश मारून चिरा शोधा. रंगाखाली चीर लपते.

पाचवी पायरी: कशाचं काय करायचं

शाफ्ट: बदलायचा. तुम्हाला असं ऐकायला मिळेल: “दादा, वेल्डिंग मारून देतो, घरापर्यंत आरामात जाईल.” नको म्हणा. शाफ्टचं पोलाद कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा पट्टा एक तर ठिसूळ होतो, नाही तर मऊ पडतो, आणि सेमी-फ्लोटिंगमध्ये त्याच जोडावर चाक लटकतं. पीळ पडलेला पण न तुटलेला शाफ्टही परत घालू नका. नवा घेताना कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा घ्या. जुन्या एमएम ५४० सारख्या गाडीचा मिळतच नसेल तर लेथवर करून घेणं हा पर्याय आपल्या भागात खरोखर चांगला आहे; कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत मशिनिंग आणि हीट ट्रीटमेंटची कामं होतात. मात्र कोणतं पोलाद वापरलं आणि कडकपणा किती आणला हे लिहून मागा. हीट ट्रीटमेंट न केलेला नुसता कातलेला शाफ्ट दिसायला सुरेख, पण पहिल्याच चढाला पिळवटतो. सेमी-फ्लोटिंग शाफ्टवरचं बेअरिंग आणि त्याला अडवणारी दाबून बसवलेली रिंग नवीच घाला. काढलेली रिंग पुन्हा वापरायची नसते.

सीव्ही जॉइंट: वळताना कटकट आवाज येतो, पण बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटून फार दिवस झालेले नाहीत, तर उघडून, धुऊन, गोळ्या आणि खाचा बघून ठरवा. खाचांत नखाला खड्डा लागला तर जॉइंट बदला. नुसता बूट फाटला असेल तर बूट आणि ग्रीस पुरे.

क्राऊन-पिनियन: एकाचा दात तुटला तरी जोडीच बदलायची, दोन्ही एकमेकांना घासून जुळवलेले असतात. इथे खरा प्रश्न सुट्ट्या भागांचा नसून हाताचा आहे. पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) शिम (पातळ चकत्या) लावून जुळवावे लागतात. बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मिस्त्रीकडे डायल गेज आहे का आणि दातांना रंग लावून ठसा तपासतो का, हे विचारा. “हाताने हलवून कळतं” असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या. जिप्सीसारख्या ॲक्सलमध्ये मधला गोळा, म्हणजे क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियलचा जुळवलेला संच, पुढून सुटा निघतो. तिथे चांगल्या स्थितीतला, आधीच जुळवलेला गोळा मिळाला तर तोच बसवणं शहाणपणाचं. मागे झाकण असलेल्या ॲक्सलमध्ये ही सोय नसते. सगळी जुळवाजुळव हाऊसिंगच्या आतच करावी लागते.

हाऊसिंग: पोलादी नळीला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला चीर असेल तर चांगला वेल्डर ती भरू शकतो, आधी शाफ्ट, बेअरिंग, डिफरन्शियल सगळं काढलेलं असावं आणि नंतर सरळपणा पुन्हा मोजावा, कारण वेल्डिंगने नळी ओढली जाते. थोडा बाक असेल तर प्रेसवर थंड अवस्थेत काढता येतो. दोन्ही बेअरिंगच्या भोकांतून सरळ दांडा घालून तपासणारा माणूस हवा. गॅसने लाल करून सरळ केलेली नळी मला नको. मधला भाग ओतीव लोखंडाचा असेल आणि चीर त्यातच असेल, किंवा बेअरिंगची बैठकच खाल्ली असेल, तर हाऊसिंगचा विषय संपला.

अख्खा ॲक्सल बदलण्याची वेळ माझ्या मते दोनच परिस्थितींत येते. एक: हाऊसिंग गेलंय आणि क्राऊन-पिनियनही गेलेत. दोन: गाडीचा वापरच बदललाय, म्हणजे ३३ इंची टायर, डिफ-लॉक, वरचेवर खडकांवर जाणं, आणि मूळ ॲक्सल त्याला पुरत नाही. नुसता एक शाफ्ट तुटला म्हणून अख्खा जुना ॲक्सल विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचा अज्ञात इतिहास आपल्या गाडीखाली लावणं. मिस्त्रीला ते सोपं जातं, म्हणून तो सुचवतो. त्यात त्याची वाईट बुद्धी नसते, पण तोटा तुमचा.

सहावी पायरी: जुना ॲक्सल घ्यायचाच असेल तर

कुर्ल्याच्या बाजारातून आणा, नाही तर लिलावात निघालेल्या लष्करी जिप्सीचा घ्या, पैसे देण्याआधी रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतो ते) मोजा. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. वेगळा असेल तर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकताच ट्रान्सफर केसवर ताण येऊन ती फुटू शकते. उघडा ॲक्सल असेल तर दात मोजा: क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ११, तर ३.७३. बंद असेल तर एक चाक घट्ट धरून दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात पिनियनच्या फ्लँजने घेतलेले फेरे म्हणजे रेशो. डिफरन्शियल साधं असेल तरच ही पद्धत चालते.

मग रुंदी. जिप्सी १९८५ ला आली तेव्हाचा ट्रॅक अरुंद होता आणि नंतर तो रुंद झाला, त्यामुळे ‘जिप्सीचा आहे’ एवढ्यावर घेऊ नका, टेप लावा. त्याशिवाय स्प्रिंगच्या बैठकींमधलं अंतर, ब्रेक ड्रमचा आकार, हँडब्रेकची केबल, एबीएस सेन्सरची जागा आणि चाकाच्या बोल्टांचा घेर बघा. वरच्या चौथ्या पायरीतलं मोजमाप इथेही करा. विकणारा थांबायला तयार नसेल तर ॲक्सल सोडून द्या.

पैसे आणि कागद

हिशेब करताना शाफ्टच्या किमतीसमोर ॲक्सलची किंमत ठेवू नका. दुरुस्तीच्या बाजूला शाफ्ट, बेअरिंग, सील, तेल, मजुरी आणि कारण दूर करण्याचा खर्च मांडा. बदलाच्या बाजूला ॲक्सल, वाहतूक, त्याचीही नवी सील-बेअरिंग, ब्रेकची जुळणी आणि मजुरी. दुरुस्तीचा आकडा दुसऱ्याच्या निम्म्याच्या आत असेल तर मी विचार न करता दुरुस्तीच करतो.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि नुसता यांत्रिक बिघाड धरत नाहीत. मूळ मापाचा तोच भाग बदलला तर प्रश्न नाही, पण दुसऱ्या मॉडेलचा ॲक्सल लावून गाडीची रचना बदलायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीचा विषय येतो. एमएच ११ असो, एमएच १० असो की कराडची एमएच ५०, आधी आपल्या आरटीओत विचारा. आणि गाडी कितीही भक्कम झाली तरी कासच्या फुलांच्या पठारावर आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वाट सोडून चाक घालू नका.

बसवल्यानंतर

हाऊसिंग आतून डिझेलने धुऊन, तुटलेला प्रत्येक तुकडा जुळवून मोजून घ्या. एक चकती आत राहिली तरी नवं बेअरिंग खाते. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं गिअर तेलच भरा, बहुतेक ठिकाणी ते ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ असतं. नवे क्राऊन-पिनियन असतील तर सुरुवातीचे काही दिवस ओझं ओढू नका, लांब चढही टाळा. पहिल्या फेरीला १५-२० किलोमीटर चालवून गोळ्याला हात लावून बघा. हात टेकवता येत नसेल इतका तापला तर बेअरिंग जास्त आवळलंय, परत न्या. यू-बोल्ट १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरला तेल काढून प्लगचं चुंबक बघा, आणि नवे गिअर असतील तर ते तेल परत न भरता नवं भरा.